बीळ नसलेला ससा

माळावरून चालताना अगदी पायापाशी काहीतरी उसळतं आणि वेडीवाकडी वळणं घेत कुसळात दिसेनासं होतं. आपल्या काळजात धस्स! तो उठला तिथे वाकून हात लावा. गवत दबून झालेला ओंजळभर खळगा अजून कोमट लागतो. रानसशाचं घर ते एवढंच. दिवसभर तो त्यात कान पाठीला चिकटवून बसतो आणि पाय अगदी अंगावर येईपर्यंत हलत नाही.

पिंजऱ्यातला ससा मूळचा युरोपातला, बिळं खोदणारा. आपला रानससा, म्हणजे लेपस नायग्रिकॉलिस (काळ्या मानेचा), बीळ खोदतच नाही. दोघांचा संकरही होत नाही. रानसशाची गुणसूत्रं 48, पाळीव सशाची 44. आणि ससा उंदराच्या गणातलाही नव्हे. वरच्या पुढच्या दातांमागे त्याला आणखी एक बारीक जोडी असते, ती उंदराला नसते.

सुकं गवत पचायला जड, म्हणून ससा ते दोनदा पचवतो. पहिल्या फेरीतल्या मऊ लेंड्या तो थेट गुदद्वारातूनच तोंडात घेतो. माळावर दिसतात त्या दुसऱ्या फेरीच्या, कोरड्या, गवताचा भुसा दाबल्यासारख्या.

बीळ नसल्यामुळे पिल्लंही तयारीनिशीच जन्मतात: अंगावर केस, डोळे उघडे. आई दिवसभर लांब राहते, म्हणजे तिच्या मागावर कोल्हा पिल्लांपर्यंत येत नाही. अंधार पडला की पाजून जाते. शेतात एकटं पिल्लू दिसलं म्हणून कळवळून घरी आणू नये. ते बहुधा पोरकं नसतं.

1972च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार गुन्हा ठरते. तरी रात्री बॅटरीच्या झोतात दिपवून ससे मारले जातातच. ‘ससेहोलपट’ हा शब्द आपल्या भाषेत उगाच नाही आला. (‘ससेमिऱ्या’चा मात्र सशाशी काही संबंध नाही.) जागतिक यादीत हा ससा धोक्याबाहेर आहे, पण मला काळजी वाटते ती गवताची. कागदोपत्री माळ म्हणजे ‘पडीक’. मग तो नांगरा, नाहीतर खड्डे खणून त्यावर झाडं लावा. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी गवत राखलं, त्यात ससा, खोकड, लांडगा सगळ्यांचंच भागतं. बाकीच्या माळांवर उन्हाळ्यात कोणीतरी काडी लावतं. मोठा ससा धुराच्या वासानं पळ काढतो. पिल्लू कान पाठीला चिकटवून तिथेच बसून राहतं.