फौजेतून शेतीकडे: कोकणातल्या माजी सैनिकांचे अर्ज कुठे अडतात, कोणते कागद आधी तयार ठेवायचे

सैन्यातून निवृत्त होऊन रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडात गावी परतणारा जवान बहुतेक वेळा चाळिशीच्या आसपासचा असतो. अंगात ताकद असते, ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची (पेन्शनचा काही भाग विकून एकदम मिळालेली) रक्कम हाताशी असते, दरमहा पेन्शन चालू असते आणि वडिलोपार्जित वरकस जमीन वर्षानुवर्षं पड पडलेली असते. तिथे हापूसची कलमं लावावीत, काजू करावा, हा विचार रास्तच आहे. पण तालुका कृषी कार्यालयात फळबागेच्या अनुदानासाठी केलेला पहिलाच अर्ज परत येतो. माजी सैनिक म्हणून आपल्यासाठी वेगळी रांग असेल, या समजुतीने माणूस गेलेला असतो आणि कृषी विभागाच्या प्रत्येक योजनेत तशी रांग असेलच असं नाही. तिथे आधी तुम्ही खातेदार असावे लागता. सातबारावर नाव असेल तर पुढे बोलणं होतं, नसेल तर वीस वर्षांच्या सेवेचे कागद टेबलावर ठेवूनही काही होत नाही. हे मला पटत नाही, पण नियम तसा आहे. म्हणून जे अजून नोकरीत आहेत त्यांनी पुढच्या रजेत हे वाचून कामाला लागावं.

प्रशिक्षणाचा हक्क निवृत्तीआधी वापरायचा असतो

संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतलं पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या सैनिकांसाठी अभ्यासक्रम चालवतं. त्यात शेती आणि शेतीपूरक धंद्यांचेही असतात. मोठे अभ्यासक्रम 24 आठवड्यांपर्यंतचे असतात. जेसीओ (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकारी) आणि जवानांची फी डीजीआर भरतं. अधिकाऱ्यांना 40 टक्के स्वतः भरावी लागते. अर्ज युनिटमार्फत, सेवेत असतानाच करायचा असतो. 'आधी घरी जाऊ, मग बघू' म्हणून कित्येकजण ही संधी सोडतात आणि गावी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्या कोर्सची चौकशी करतात. तेव्हा ते कार्यालय फारसं काही करू शकत नाही.

संधी हुकली असेल तर वाट बंद झाली असं समजू नका. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, भाट्याचं नारळ संशोधन केंद्र आणि लांजा, किर्लोस व रोहा इथली कृषी विज्ञान केंद्रं आपल्या मातीचं शिकवतात. दुसऱ्या राज्यात शिकलेली सपाट, काळ्या जमिनीतली शेती कातळावर उपयोगी पडत नाही. कलम बांधणी, मोहोरावरचे तुडतुडे, काजूवरचा ढेकण्या ही कामं इथेच हाताने करून शिकावी लागतात. फळबागेच्या अर्जाला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागत नाही, पण बँकेत कर्ज प्रकरण करताना ते फाईलला जोडलेलं चांगलं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातलं माजी सैनिक ओळखपत्र मात्र आल्या आल्या काढा. मूळ डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि फोटो न्या, काम सरळ आहे. अग्निवीर म्हणून चार वर्षं करून परतणाऱ्या मुलांच्या घरच्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: त्या सेवेला पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांनी या ओळखपत्रावर बेत आखू नयेत. शेतकरी म्हणून मिळणारं सगळं त्यांनाही खुलं आहे.

सातबारा: खरी अडचण इथेच

कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. एका गटावर तीस-चाळीस नावं असतात. त्यातली निम्मी माणसं वारलेली, उरलेली मुंबईत, काहींचा पत्ता भाऊबंदांनाही माहीत नाही. आजोबांचं नाव तसंच आहे, वडिलांचं कधी चढलंच नाही आणि नातू फौजेतून येऊन फळबाग मागतो आहे.

सुरुवात वारस नोंदीपासून करा. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची यादी असलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. हल्ली पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. कायद्याने वारसाने तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण मुदत उलटली म्हणून हक्क जात नाही, नोंद तेव्हाही होते. 'आता उशीर झाला' म्हणून कुणी परत पाठवलं तर लेखी मागा. 2025 मध्ये शासनाने मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली. तिच्यात तुमच्या गावाचं काम झालं का, तेही विचारा. फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) लिहिल्यावर नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. यातच रजेचा बराच भाग जातो. म्हणून अर्ज रजेच्या पहिल्या दिवशी द्या, शेवटच्या आठवड्यात नको.

लग्न झालेल्या बहिणींची नावं वारसांच्या यादीतून वगळू नका. 'ती कुठे शेती करायला येणार आहे' असं म्हणून नाव गाळलं जातं आणि पुढे हरकत आली की सगळा फेरफार रखडतो. बहिणीला खुशीने हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. घरच्या घरी सही घेतलेला कागद कुठेच चालत नाही. तिला तो सोडायचा नसेल तर तो तिचा हक्क आहे.

नाव लागलं तरी खातं सामाईक असेल तर फळबागेसाठी इतर सहहिस्सेदारांची संमती लागते. कुळाचं नाव असेल तर कुळाचीही. चाळीस जणांच्या सह्या जमवायला निघालेले लोक मी थकून सोडून देताना पाहिले आहेत. त्याआधी 8अ (तुमच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा आणि तुमचे सगळे गट बघा. एखादा छोटा गट असतो, ज्यात तुम्ही एकटे किंवा दोघे भाऊच असता. कोकणासाठी राज्य शासनाच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड अनुदान योजनेची किमान मर्यादा 0.10 हेक्टर आहे, म्हणजे दहाच गुंठे. तेवढ्यात 10 बाय 10 मीटरवर हापूसची दहा कलमं बसतात, 7 बाय 7 मीटरवर काजूची वीस. तिथून सुरुवात करा. मोठ्या डोंगराचं वाटप होईल तेव्हा होईल. सगळे तयार असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली संमतीने वाटप करता येतं. गणपतीत किंवा होळीला चाकरमानी गावात असतात, तेव्हाच सह्यांचं काम उरकतं.

'इतर अधिकार' हा रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कुळ, सोसायटीचा बोजा आणि विशेषतः खाजगी वनाची नोंद तिथे असते. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याच्या नोंदी कोकणात कित्येक सातबारांवर आहेत आणि ज्यांच्यावर आहेत त्यांना बरेचदा पत्ताच नसतो. अशी नोंद असेल तर त्या गटावर जेसीबी लावू नका.

नावांचा घोळ

समजा, डिस्चार्ज बुकात 'पवार एस. डी.', आधारवर 'सुरेश दत्ताराम पवार' आणि सातबारावर 'सुऱ्या दत्तू' असं आहे. माणूस एकच आहे हे गावातलं पोरही सांगेल, पण संगणक सांगत नाही. आता कृषी योजनांना फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, सक्तीचा आहे. तो काढताना आधारवरचं नाव सातबारावरच्या नावाशी पडताळतात. म्हणून आधार आणि सातबारा आधी जुळवा, फौजेचे कागद नंतर. सातबारावरची लेखनातली चूक जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडून दुरुस्त होते. फौजेच्या नोंदीतली चूक सेवेत असतानाच युनिटमधून पार्ट टू ऑर्डरने (सैनिकाच्या नोंदीत बदल करणाऱ्या युनिटच्या आदेशाने) दुरुस्त करून घ्या. निवृत्तीनंतर त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे आणि पत्राच्या उत्तराला वेळ लागतो.

आधारला जोडलेला मोबाइल हा आणखी एक खड्डा. नंबर जम्मूत किंवा आसामात पोस्टिंगला असताना घेतलेला असतो, सिम केव्हाच बंद झालेलं असतं आणि ओटीपी तिकडेच जातो. हे काम सेवा केंद्रात पहिल्या फेरीत करून घ्या. आधार कोणत्या बँक खात्याला जोडलं आहे तेही बघा. अनुदान आधार जोडलेल्या खात्यात पडतं. ते पेन्शनच्या खात्यातच येईल असं नाही.

फळबागेचा अर्ज

अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या योजनांच्या पोर्टलवर, करायचा. पूर्वी लॉटरी निघायची, 2025 पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी, असा क्रम आहे. ज्यांची उपजीविका फक्त शेतीवर आहे त्यांना फुंडकर योजनेत पहिलं प्राधान्य असतं, पेन्शनर त्यानंतर. म्हणजे तुम्ही अपात्र नाही. 'पेन्शन आहे ना, मग कशाला' असं खिडकीवर कुणी म्हणालं तर मान खाली घालून परत येऊ नका. सह्याद्रीपासून सियाचेनपर्यंत उभ्या राहिलेल्या माणसाला अशा वाक्याने परतवणं वाईट आहे आणि नियमालाही धरून नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईने. फौजी माणूस काम पुढ्यात दिसलं की करून मोकळा होतो. जूनमध्ये खड्डे मारतो, ओळखीच्या नर्सरीतून कलमं आणून लावतो आणि नंतर अर्ज भरतो. पूर्वसंमती मिळण्याआधी केलेल्या लागवडीला अनुदान मिळत नाही. कलमंही शासकीय, विद्यापीठाच्या किंवा मानांकित रोपवाटिकेतलीच हवीत आणि पक्कं बिल हवं. काजूत वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 म्हणून काहीही विकलं जातं, म्हणून बिलावर जातीचं नाव लिहून घ्या. त्याच क्षेत्रावर रोजगार हमीतून आधी बाग घेतली असेल तर दुसऱ्यांदा लाभ नाही.

अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं. दुसऱ्या वर्षी 80 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के झाडं जिवंत असावी लागतात. मेलेली झाडं स्वखर्चाने बदलून ही टक्केवारी भरून काढायची असते. कातळावरचं कलम पावसात हिरवंगार दिसतं आणि मार्चमध्ये मान टाकतं. पाण्याची सोय नसेल तर अर्जच पुढच्या वर्षी करा. जानेवारीच्या आत बागेभोवती दोन-अडीच मीटरची पट्टी गवत कापून साफ करा. शेजारच्या पडीतून वणवा आला की एका दुपारी बाग जाते आणि पाठोपाठ पुढचे हप्तेही.

पीएम किसानबद्दल स्पष्टच

दरमहा 10,000 रुपये किंवा जास्त पेन्शन असेल तर तुम्ही या योजनेत बसत नाही. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना यातून सूट आहे, पण जवानाने स्वतःला त्यात मोजू नये. अट कुटुंबाला लागू आहे, म्हणून पत्नीच्या नावाने अर्ज करूनही उपयोग नाही. राज्याची नमो शेतकरी योजना याच यादीवर चालते. गावातला कुणी 'भरून टाका, कोण बघतंय' म्हणेल. अपात्र लोकांकडून रक्कम परत वसूल झाली आहे. वर्षाच्या 6,000 रुपयांसाठी नोटीस घरी आणू नका.

अपंगत्व आलेले जवान

फौजेच्या मेडिकल बोर्डाने ठरवलेली टक्केवारी पेन्शनसाठी आहे. कृषी योजनांतल्या दिव्यांग प्राधान्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मागतात. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. देशासाठी पाय गमावलेल्या माणसाला दुसऱ्यांदा रांगेत उभं करणं मला अजिबात मान्य नाही. पण कार्ड काढा, कारण प्राधान्य खरंच मिळतं. बोर्डाचे कागद तपासणीला सोबत न्या.

जमीनच नसेल तर

निवृत्तीची रक्कम घेऊन जमीन शोधणाऱ्यांनी सावध राहावं. कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि माजी सैनिक असणं म्हणजे शेतकरी असणं नव्हे. वडिलांच्या किंवा स्वतःच्या नावाचा सातबारा, 8अ असेल तर शेतकरी दाखला तहसीलमधून काढा आणि त्यानंतरच इसार द्या. 'नंतर करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका. नियमबाह्य व्यवहार ठरला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. सैनिकांना शासकीय जमीन देण्याची तरतूद नियमांत आहे, पण अशी जमीन भोगवटादार वर्ग-2 ची असते आणि परवानगीशिवाय विकता येत नाही.

बाग लागल्यावर

लागवड झाली की ई-पीक पाहणी (मोबाइल अ‍ॅपवरून पिकाची नोंद) करा. सातबाराच्या बारामध्ये, म्हणजे पिकांच्या नोंदीत, 'पड' राहिलं तर तुमच्या बागेला कागदावर अस्तित्व नाही. झाडं पाच वर्षांची झाली की हवामानावर आधारित फळपीक विमा उतरवता येतो. कोकणातल्या आंबा-काजूची मुदत गेली काही वर्षं 30 नोव्हेंबर आहे, बाकी जिल्ह्यांतल्या आंब्याची 31 डिसेंबर. बातमीत डिसेंबरची तारीख वाचून थांबलेल्यांचा विमा राहतो. आपल्या जिल्ह्याची आणि आपल्या पिकाची तारीख पोर्टलवर पाहून, त्याआधी निदान आठवडाभर अर्ज भरा. शेवटच्या दोन दिवसांत साइट चालेल याचा भरवसा धरू नका.