डॅशबोर्डवरचा नकाशा शिळा का होतो?

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीला खुला झाला आणि शिवडी ते न्हावाशेवा या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. त्याआधी घेतलेली, डॅशबोर्डमध्येच नेव्हिगेशन असलेली आणि नंतर नकाशा न बदललेली गाडी या रस्त्यांवर नेली, तर पडद्यावरचा बाण एका ठिकाणी कोऱ्या जागेतून आणि दुसऱ्या ठिकाणी चक्क निळ्या पाण्यावरून सरकत राहतो. यंत्र बिघडलेले नसते. गाडी कुठे आहे हे त्याला बरोबर कळत असते. तिथे आता रस्ता आहे, एवढेच कळत नसते. शेजारी क्लिपमध्ये अडकवलेला मोबाइल मात्र तोच रस्ता ठळक रेघेने दाखवत असतो. हा फरक कसा पडला हे समजण्यासाठी चाळीसएक वर्षे मागे जावे लागते, कारण ‘मी कुठे आहे’ आणि ‘इथे रस्ता आहे का’ हे दोन प्रश्न पहिल्यापासून वेगळे होते आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात शोधली.

नकाशावर गाडीची जागा दाखवणारे पहिले विक्रीयोग्य उपकरण जपानमध्ये होंडाने १९८१ मध्ये आणले. त्याचे नाव इलेक्ट्रो जायरोकेटर. त्यात उपग्रहाचा काहीही संबंध नव्हता. एका नळीत हेलियम वायूचा झोत सोडलेला असे. गाडी वळली की तो झोत किंचित बाजूला सरके आणि त्यावरून वळणाचा अंदाज येई. चाकांच्या फिरण्यावरून अंतर कळे. दोन्हींची बेरीज करून एका छोट्या पडद्यावर ठिपका उमटे आणि त्या पडद्यावर चालकाने स्वतःच्या हाताने पारदर्शक नकाशाचा कागद सरकवलेला असे. कागद संपला की गाडी थांबवून पुढचा कागद लावायचा. यंत्राला नकाशातले काहीच समजत नव्हते. रस्ता ओळखण्याचे काम माणसाच्या डोळ्यांकडेच होते.

त्यापुढचे पाऊल खरे मोलाचे होते आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. स्टॅन हनी या नौकानयनपटू अभियंत्याने अटारी या व्हिडिओ गेम कंपनीचे संस्थापक नोलन बुशनेल यांच्या आर्थिक पाठबळावर कॅलिफोर्नियात इटॅक ही कंपनी काढली आणि १९८५ मध्ये इटॅक नेव्हिगेटर बाजारात आणला. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे दर्यावर्दी आपली होडी एका जागी स्थिर आहे आणि बेटेच तिच्या बाजूने मागे सरकत आहेत अशी कल्पना करून दिशा सांभाळतात. त्या पद्धतीचे नाव ‘इटॅक’. हनी यांच्या हिरव्या रेघांच्या पडद्यावरही गाडी मध्यभागी स्थिर असे आणि शहर तिच्याभोवती फिरे. आज मोबाइलवर बाण वरच्या दिशेला रोखलेला राहतो आणि नकाशा वळतो, ती मांडणी तेव्हाची आहे.

नकाशाची माहिती कॅसेटवर असे, आणि लॉस एंजेलिससारख्या शहरासाठी एक कॅसेट पुरत नसे. पण मुख्य गोष्ट कॅसेट नव्हती, नकाशाशी मेळ घालण्याची युक्ती होती. चाकांवरून आणि होकायंत्रावरून काढलेली जागा थोडी थोडी चुकत जाते आणि दहा-वीस किलोमीटरमध्ये ठिपका शेजारच्या गल्लीत पोहोचतो. इटॅकचे यंत्र मात्र असे धरून चाले की गाडी रस्ता सोडून जाणार नाही. तिने काटकोनात वळण घेतले की जवळपास असे वळण कुठे आहे ते नकाशात शोधायचे आणि ठिपका तिथे नेऊन बसवायचा. म्हणजे नकाशा हाच चूक दुरुस्त करण्याचे साधन झाला. म्हणूनच तो नकाशा बिनचूक असणे हा पुढच्या सगळ्या उद्योगाचा पाया ठरला. अमेरिकी जनगणना खात्याच्या रस्त्यांच्या नोंदी आणि सरकारी भूमापन नकाशे घेऊन इटॅकने आपली माहिती तयार केली. नंतरच्या काळात नावारूपाला आलेल्या नॅव्हटेक आणि टेली अ‍ॅटलस या कंपन्यांनी सर्वेक्षणाच्या गाड्या रस्तोरस्ती फिरवून एकेरी मार्ग, वळणबंदी, पुलांची उंची अशा नोंदी गोळा केल्या. हे काम अतिशय खर्चिक, संथ आणि कधीही न संपणारे होते.

जीपीएस त्यानंतर आले. गाडीतच बसवलेले जीपीएस नेव्हिगेशन माझदाने १९९० मध्ये युनोस कॉस्मो या मॉडेलमध्ये जपानी ग्राहकांना दिले. युरोपात १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये ते आले. मात्र अमेरिकी लष्कर नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असल्याने जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. २ मे २००० रोजी ती मिसळ बंद झाली आणि एका रात्रीत साधे जीपीएसही रस्ता ओळखण्याइतके नेमके झाले. ‘मी कुठे आहे’ हा प्रश्न मोकळ्या आकाशाखाली तरी जवळपास सुटला. दुसरा प्रश्न तिथेच राहिला.

तो का राहिला, याचे कारण साठवणुकीत होते. टोयोटाने १९८७ मध्ये क्राउन गाडीत नकाशासाठी सीडी वापरली. पुढे डीव्हीडी, हार्ड डिस्क आणि एसडी कार्ड अशी साधने बदलत गेली. डिस्कवरून वाचणे फार मंद असल्यामुळे रस्ते, चौक, नावे आणि पत्ते एका विशिष्ट क्रमाने घट्ट बांधून ठेवावे लागत. अशा बांधणीत एक नवा पूल मध्येच घालता येत नाही. सगळा नकाशा नव्याने बांधावा लागतो. सर्वेक्षण झाले की ते नकाशा कंपनीच्या ठरावीक आवृत्तीत जाई, तिथून उपकरण बनवणाऱ्याकडे, मग चाचण्या होऊन गाडी उत्पादकाकडे. शोरूममध्ये चकाकणाऱ्या नव्या गाडीतला नकाशा त्यामुळे सहज वर्षभर जुना असे. ग्राहकाने पुढची आवृत्ती सर्व्हिस सेंटरमधून विकत घ्यावी अशी अपेक्षा होती आणि तिची किंमत अनेकदा शंभर डॉलरच्या वर जाई. बहुतेकांनी ती कधीच घेतली नाही, आणि त्यात त्यांचा दोष मानता येत नाही. फक्त बदललेला भाग पाठवता यावा यासाठी उद्योगाने नेव्हिगेशन डेटा स्टँडर्ड ही संघटना २००९ मध्ये उभी केली.

नेमक्या त्याच वर्षी पारडे फिरले. त्याआधी नकाशाच्या माहितीला सोन्याचा भाव होता: नेव्हिगेशन उपकरणे बनवणाऱ्या टॉमटॉमने टेली अ‍ॅटलस २९० कोटी युरोंना आणि नोकियाने नॅव्हटेक ८१० कोटी डॉलरना घेतली, हे दोन्ही व्यवहार २००८ मध्ये पुरे झाले. २८ ऑक्टोबर २००९ रोजी गूगलने वळणावळणाला बोलून मार्ग सांगणारे नेव्हिगेशन अँड्रॉइड फोनवर मोफत देण्याची घोषणा केली आणि अशीच उपकरणे विकणाऱ्या गार्मिनचे आणि टॉमटॉमचे शेअर त्याच दिवशी कोसळले. फुकट असणे हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे की नकाशा आता गाडीत राहतच नव्हता. तो सर्व्हरवर होता आणि तिथे केलेली दुरुस्ती लगेच सगळ्यांच्या हाती पडत होती. शिवाय प्रत्येक फोन जाता जाता आपला वेग कळवत असल्याने नकाशा वापरणारा माणूसच नकळत सर्वेक्षक झाला. गूगलने २०१३ मध्ये विकत घेतलेल्या वेझ या नेव्हिगेशन अ‍ॅपने तर अपघात, खड्डा, बंद रस्ता यांच्या नोंदी चालकांकडूनच घेण्याची पद्धत रुळवली. नोकियाचा नकाशा विभाग २०१५ मध्ये ऑडी, बीएमडब्ल्यू आणि डाइमलर यांनी मिळून २८० कोटी युरोंना घेतला. सात वर्षांत किंमत किती उतरली हे यावरून दिसते.

भारतात ही वाट वेगळी होती. आपल्याकडे नकाशे दीर्घकाळ सुरक्षेच्या चष्म्यातून पाहिले गेले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी आणि जनतेसाठी अशा दोन नकाशा मालिका केल्या, तरी परवानग्यांची साखळी राहिलीच. १९९५ मध्ये सुरू झालेल्या दिल्लीच्या सी. ई. इन्फो सिस्टिम्सने, म्हणजे मॅपमायइंडियाने, गावोगावी फिरून माहिती जमवली आणि इथल्या अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये तिचेच नकाशे बसले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांसाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. परदेशी कंपन्यांना रस्त्यावर उतरून सर्वेक्षण करण्याची मुभा मात्र नाही. म्हणूनच २०२२ मध्ये रस्त्यांची छायाचित्रे नकाशात दाखवणारे गूगलचे स्ट्रीट व्ह्यू भारतात आले तेव्हा त्याची छायाचित्रे मुंबईची जेनेसिस आणि टेक महिंद्रा यांनी पुरवली. सुरुवातीच्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर होते.

‘तेव्हाचे’ हा शब्दही इथे महत्त्वाचा आहे. जुन्या एसडी कार्डावरच्या नकाशात अहिल्यानगर टाइप केले तर काही सापडत नाही. त्याहून अवघड अडचण पत्त्याची. परदेशातून आलेल्या यंत्रणा शहर, मग रस्ता, मग घर क्रमांक अशा क्रमाने विचारत, कारण तिथे क्रमांक रस्त्यावर ओळीने लागलेले असतात. पुण्यातल्या सदाशिव पेठेत क्रमांक पेठेचा असतो, रस्त्याचा नाही. आणि खेड्यात तर मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीसमोर, फाट्यापासून डावीकडे एवढाच पत्ता असतो. फोनमधल्या नकाशात दुकाने, देवळे, शाळा लोकांनीच भरल्या आणि शोधण्यासाठी एकच मोकळी चौकट मिळाली, म्हणून तो आपल्या पत्त्यांना पेलला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि प्रवासभर नकाशा चालू ठेवणे सामान्य माणसाला परवडू लागले.

गाडी उत्पादकांनी हे ओळखले. २०१४ मध्ये अ‍ॅपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो जाहीर झाले आणि फोनचा नकाशा गाडीच्या मोठ्या पडद्यावर दिसू लागला. तरीही अंगभूत नेव्हिगेशन निरुपयोगी ठरलेले नाही, हे आग्रहाने सांगायला हवे. इगतपुरीजवळ समृद्धीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. आत उपग्रह दिसत नाही. तिथे गाडीची यंत्रणा चाकांचे फेरे आणि वळण ओळखणारा जायरोस्कोप यांवरून पुढे मोजत राहते, म्हणजे १९८१ च्याच पद्धतीने. सुटा फोन अशा वेळी अंदाजावर चालतो. पडद्याला जोडल्यावर मात्र गाडी आपल्या वेगाची माहिती त्याला देऊ शकते. विजेच्या गाड्यांत बॅटरी किती उरेल आणि चार्जिंगला कुठे थांबावे हे गाडीलाच जास्त नेमके सांगता येते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि ती कॅमेरा, नकाशा किंवा दोन्ही वापरते. तिथे शिळा नकाशा चुकीची मर्यादा सांगू शकतो. २०२० मध्ये आलेल्या पोलस्टार २ या विजेच्या गाडीत तर गूगलचाच नकाशा थेट बसवलेला होता, तेव्हा फोन आणि डॅशबोर्ड ही विभागणीही आता पुसट होत चालली आहे.

‘इथे रस्ता आहे का’ हा दुसरा प्रश्न मात्र फोननेही पूर्ण सोडवलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईच्या ट्रेकला निघालेली एक गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळच्या, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर फोनच्या नकाशामागोमाग उतरली आणि एकाचा मृत्यू झाला. जिवंत नकाशा जिवंत राहतो तो वर्दळीवर. शेकडो फोन जातात त्या महामार्गावरचा अडथळा त्याला काही मिनिटांत कळतो; रात्री एखादीच गाडी जाते त्या रस्त्यावर तो जुन्या डिस्कइतकाच आंधळा असतो, आणि तिथे त्याला कुणीतरी, पुलाशेजारच्या गावकऱ्याने किंवा रस्ता बंद करणाऱ्या यंत्रणेने, हाताने नोंद करून सांगावेच लागते.