रक्तदान : दात्याच्या आरोग्यावरील परिणाम

निरोगी प्रौढाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. भारतात एका वेळी ३५० मिलिलिटर, आणि वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५० मिलिलिटरपर्यंत रक्त घेतात. त्यातला रक्तद्रव एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशींना चार ते आठ आठवडे लागतात. मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त स्रवते आणि अस्थिमज्जा कामाला लागते. सर्वांत मागे राहते ते लोह.

३५० मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण १५० ते २०० मिलिग्रॅम लोह जाते. आहारातून रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते आणि त्यातलेही बहुतेक रोजच्या झिजेत संपते. त्यामुळे गोळ्या न घेता साठा पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात. शिबिरात बोटातून काढलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात; तो बुडाला की हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम आहे असे धरतात. ही परीक्षा हिमोग्लोबिनची, साठ्याची नव्हे. कोठार रिकामे होत आले तरी थेंब खुशाल बुडतो. दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० व स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे, हा नियम याच हिशेबातून येतो. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याने अनेकजणी या चाचणीतच परत पाठवल्या जातात.

इंग्लंडमध्ये सुमारे ४५,००० दात्यांवर झालेल्या 'इंटरव्हल' चाचणीत (२०१७) नेहमीपेक्षा कमी अंतराने रक्त देणाऱ्यांच्या एकूण जीवनमानात मोठा फरक पडला नाही. थकवा, धाप, चक्कर यांच्या तक्रारी आणि लोहाची कमतरता मात्र वाढली.

तात्कालिक त्रास बहुधा किरकोळ असतो : सुई टोचल्या जागी काळेनिळे होणे, भोवळ येणे. भोवळ तरुण, कमी वजनाच्या आणि पहिल्यांदाच रक्त देणाऱ्यांना अधिक येते. रक्त देण्याआधी भरपूर पाणी पिणे आणि नंतर थोडा वेळ पडून राहणे यासाठीच सांगतात. शिबिरातल्या चहाने बिघडत नाही, पण रोज जेवणाला लागून चहा घेतल्यास अन्नातले लोह कमी शोषले जाते.

रक्तदानाने हृदयविकार टळतो, हा दावा फार सावधपणे घ्यावा. जेरोम सलिव्हन या अमेरिकी डॉक्टरांनी १९८१ मध्ये मांडले की स्त्रियांना पाळीमुळे लोह कमी राहते आणि त्यातून हृदयाला संरक्षण मिळते. फिनलंडमधील एका पाहणीत दात्यांना हृदयविकाराचे झटके कमी आलेही. पण रक्त देऊ दिले जाते ते मुळात निरोगी माणसांनाच. मग श्रेय रक्तदानाचे की आधीच्या प्रकृतीचे, हे वेगळे काढणे कठीण. 'जुने रक्त जाऊन नवे, शुद्ध रक्त येते' या समजाला तर आधारच नाही : तांबड्या पेशी एरवीही सुमारे १२० दिवसांनी बदलतातच. रक्त काढणे हा खरोखर उपचार ठरतो तो हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकारात, जिथे लोह साठत जाऊन यकृत बिघडते.