दीड टनाचा एसी आणि पाच इंचांचा स्लॅब

मार्च संपत आला की परभणी, जालना, नांदेडकडे घरोघरी एकच चर्चा सुरू होते: एक टन पुरेल का दीड टन घ्यावा? सल्ला द्यायला कुणी कमी नसतं. मेहुणा म्हणतो, दीडच घ्या, डोळे झाकून. शेजारचे गुरुजी सांगतात, आमच्या वरच्या खोलीत दीड टनसुद्धा दुपारी दम टाकतो. त्यांच्याच बंगल्यात खाली राहणारा धाकटा भाऊ मात्र एक टनावर रात्री पांघरूण ओढून झोपतो. तिघंही खरंच बोलतात. दुकानदार खोलीची लांबी-रुंदी विचारतो आणि टन सांगून मोकळा होतो. खोलीच्या डोक्यावर काय आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

एसीचा टन हे बर्फाच्या जमान्यातलं माप. ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. किलोवॅटमध्ये साधारण साडेतीन. दीड टनाचे होतात सव्वापाच. त्यासाठी लागणारी वीज याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढीच असते, कारण एसी आतली उष्णता उचलून बाहेर टाकण्याचं काम करतो. म्हणजे खरा प्रश्न असा: तुमच्या खोलीत तासागणिक उष्णता येते किती आणि कुठून?

दहा बाय बाराची, वरच्या मजल्यावरची खोली घेऊ. वर उघडा स्लॅब, सुमारे अकरा चौरस मीटर. एप्रिल-मेच्या भर दुपारी आपल्याकडे एका चौरस मीटरवर ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. काळवंडलेलं सिमेंट त्यातलं निम्म्याहून अधिक पिऊन घेतं. हवा ४२ अंशांवर असताना स्लॅबचा पृष्ठभाग साठीच्या घरात जातो, अनवाणी पाय ठेववत नाही. पाच इंचांच्या काँक्रीटला उष्णता फारशी अडवता येत नाही. हिशेब मांडला तर आत २६ अंश ठेवू पाहणाऱ्या खोलीत नुसत्या छतातून सव्वा किलोवॅटच्या आसपास उष्णता उतरते. एक टनाच्या एसीची एक तृतीयांशाहून जास्त ताकद छतच खाऊन टाकतं. पश्चिमेला चार बाय चारची सरकती काच असेल तर चार-पाच वाजता आणखी अर्धा ते पाऊण किलोवॅट. भिंती, माणसं, फ्रिज, फटींतून शिरणारी झळ हे सगळं वेगळंच. गुरुजींचा दीड टन दमतो तो असा. त्यांच्या भावाच्या डोक्यावर स्लॅब नसून गुरुजींची फरशी आहे.

स्लॅबची दुसरी खोड म्हणजे तो उशिरा बोलतो. काँक्रीटमधून उष्णतेची लाट खाली पोचायला तीन-चार तास लागतात. वर कोबा असेल तर आणखी जास्त. म्हणून बाहेर ऊन कलतं तेव्हा आत छत तापायला लागलेलं असतं. रात्री नऊ-दहाला स्टुलावर चढून छताला तळवा टेकवून बघा. बाहेर गच्चीवर वारं सुटलेलं असतं आणि छत मात्र चांगलं कोमट लागतं. हे छत हवा तापवतं, शिवाय अंगावर थेट उष्णता फेकत राहतं. आपलं शरीर नुसत्या हवेचं तापमान जोखत नाही. भोवतालचे पृष्ठभाग किती तापलेत यावरही गारवा वाटणं अवलंबून असतं. म्हणून रिमोटवर २४ दिसत असूनही डोकं तापल्यासारखं वाटतं, हात पुन्हा रिमोटकडे जातो आणि आकडा अठरावर येतो. आकडा उतरवल्याने छत गार होत नाही, बिल तेवढं वाढतं.

आपली जुनी घरं अशी नव्हती, हे वडीलधारी मंडळी सांगतात आणि बरोबरच सांगतात. सागवानी तुळया, त्यावर किलच (आडव्या लाकडी पट्ट्या), त्यावर थरावर थर पांढरी माती, असं दीड-दोन फुटांचं माळवद. एवढ्या मातीतून दुपारची उष्णता आत यायला रात्र उलटून जायची, आणि येईपर्यंत तिचा जोर ओसरलेला असायचा. साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, गरम हवा आणि धूर वर निघून जायचा. ऐन वैशाखात माजघरात अंधार असायचा, पण काहिली नसायची.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती, मोठी, पण एवढा संहार होण्याइतकी नव्हे. मातीत रचलेल्या दगडी भिंती फाकल्या आणि ते जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर-उस्मानाबादकडे आठ ते दहा हजार माणसं गेली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली आणि माळवदाचा विश्वास मराठवाड्यातून उठला. तो उठायलाच हवा होता. स्लॅब आणि पत्रा तसेही येतच होते, त्यानंतर ते झपाट्याने आले. मात्र मातीचं वजन टाकताना मातीची सावलीही गेली आणि तिच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही. जुन्या घराच्या आठवणीने उसासे टाकणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की तो गारवा वजन न वाढवता परत आणता येतो.

त्यातला सगळ्यात स्वस्त मार्ग पांढरा रंग. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा हिस्सा आल्या वाटेने परत पाठवतो. वरच्याच खोलीचा हिशेब पुन्हा केला तर स्लॅबचा माथा साठीवरून पन्नाशीच्या खाली येतो आणि छतातून उतरणारी उष्णता तीन-चार दशांशाने घटते. चुन्यात चिकटपणासाठी डिंक किंवा फेविकॉल घालून दोन हात मारणारे पुष्कळ आहेत. बाजारात तयार कूल रूफ रंगही मिळतात, ते टिकतात जास्त. ज्यांनी केलं त्यांच्या तक्रारीही ऐकून ठेवाव्यात. पावसाळ्यात शेवाळ धरून गच्ची काळी पडते, धुळीने पांढरेपणा मरतो, त्यामुळे चुना दर फेब्रुवारी-मार्चला नव्याने मारावा लागतो. ज्वारी-मिरच्या वाळवायला गेलं की डोळे दिपतात. पण एसीच्या किमतीच्या किरकोळ भागात एवढा फरक पाडणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं. एकेकाळी आपणही त्याच निजामी राज्यात होतो. ऊनही तेच आहे.

रंगाच्या पुढची पायरी सावलीची. गच्चीवर सात-आठ फुटांवर पत्र्याचं शेड टाकलेली घरं आता गावोगाव दिसतात. त्यात विज्ञान आहे ते मधल्या मोकळ्या जागेत: पत्रा तापतो, पण खालून वारा खेळता असल्याने ती उष्णता स्लॅबपर्यंत पोचण्याआधी उडून जाते. चारही बाजूंनी पत्रे ठोकून त्याची खोली केली की फायदा बराचसा गेला. सौर पॅनलही हेच काम फुकटात करतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पॅनल बसवणारा वीजनिर्मितीचं गणित सांगतो, खालच्या सावलीचं सहसा सांगत नाही. शेतातल्या पत्र्याच्या खोलीवर तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाड थर टाकतात, तोही अव्वल उपाय, फक्त आगीला जपायचं.

पीओपीच्या फॉल्स सीलिंगबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. छताची झळ थेट अंगावर येत नाही, एसीला थंड करायची जागा कमी होते, हे मान्य. पण स्लॅब तापतोच. रोज फुगतो, रोज आकसतो, भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगांतून गळती येऊन त्याच महागड्या पीओपीवर डाग उमटतात. उष्णता अडवायची तर ती स्लॅबमध्ये शिरण्याआधी अडवावी. खिडकीचंही तसंच. आतला पडदा ऊन काचेच्या आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. बाहेरून हिरवी शेडनेट, बांबूची चिक नाहीतर छज्जा, आणि पश्चिमेला एखादा कडुनिंब.

आता कूलर. एसी आला की लोखंडी कूलर भंगारात निघतो, तो निघू देऊ नका. रांजणात पाणी गार होतं त्याच तत्त्वावर तो चालतो: पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेतं. एक लिटर पाणी उडालं की सुमारे ०.६७ युनिट उष्णता गेली. तासाला पाच लिटर उडालं म्हणजे जवळजवळ एक टनाचं काम झालं. पंप आणि पंखा मिळून वीज लागते काही शे वॅट. आपला एप्रिल या यंत्रासाठीच असावा. हवा ४२ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल तर बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २२ अंशांपर्यंत उतरू शकते. गवत नीट भिजलेलं असेल तर प्रत्यक्षात कूलरमधून २७च्या आसपास येते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की चित्र पालटतं. ३४ अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रतेत ती मर्यादाच २८च्या पुढे असते. कूलर मग गार हवा कमी आणि चिकट हवा जास्त फेकतो. 'कूलर बिघडला' म्हणून मेकॅनिकला फोन जातात ते याच दिवसांत.

कूलरची खरी अडचण पाण्याची. मोठा डेझर्ट कूलर कोरड्या दुपारी तासाला आठ-दहा लिटर सहज उडवतो. दिवसाला शंभर लिटर धरून चाला. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा हिशेब किरकोळ नाही. बोअरच्या जड पाण्याने गवतावर क्षारांचं पांढरं कवच धरतं, हवा अडते आणि गारवा घटतो. टाकीतलं पाणी मधूनमधून पूर्ण बदललं तर हे लांबतं, पण तेही पाणीच. ज्यांच्या नळाला आठवड्याने पाणी येतं त्यांनी एसी घेतला तर त्यांना उधळे म्हणू नये. कूलर आणि एसी एकाच बंद खोलीत सोबत लावणारे मात्र भेटतात. एक यंत्र हवेत ओल भरतं आणि दुसरं तीच ओल वीज खर्चून काढतं.

मग एसी घेताना पाच स्टार की तीन? लेबलवर वर्षाची जी युनिटं छापलेली असतात ती १६०० तासांच्या वापरासाठी काढलेली असतात, बाहेर २४ ते ४३ अंश तापमान धरून. जुलै २०२२च्या निकषांनी पाच स्टारला किमान ५ आणि तीन स्टारला ३.८ गुणांक लागत होता. गुणांक म्हणजे एक युनिट विजेत एसी किती युनिट उष्णता उपसतो तो आकडा, लेबलवर तो ISEER म्हणून असतो. दीड टनाला त्यातून वर्षाकाठी दोनशे-अडीचशे युनिटांचा फरक पडतो. पण आपल्याकडे पुष्कळ घरांत एसी रात्रीचे आठ तास, तोही शंभरेक रात्री चालतो, म्हणजे ८०० तास. फरक लगेच निम्म्यावर आला. दिवसभर दुकान किंवा दवाखाना चालवणाऱ्याने पाच स्टार जरूर घ्यावा. फक्त झोपण्यापुरता वापर असेल तर तीन स्टार इन्व्हर्टर घेऊन उरलेले पैसे गच्चीवर घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या-नव्या यंत्रांची तुलना ताऱ्यांवरून न करता गुणांकावरून करावी.

इन्व्हर्टर एसीचा बॅटरीच्या इन्व्हर्टरशी संबंध नाही, हे अजूनही सांगावं लागतं. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, एवढंच. आणि तो वेग उतरवू शकतो तेव्हाच वीज वाचते. वरून छत ओततच असेल तर बिचारा रात्रभर पूर्ण वेगाने धावतो आणि लोक म्हणतात, कसला इन्व्हर्टर, बिल तर तेवढंच आलं.

बाहेरचं युनिट कुठे बसतं यावरही बरंच ठरतं. एसीची क्षमता मोजतात बाहेर ३५ अंश धरून. तुम्ही ते गच्चीत कठड्याच्या कोपऱ्यात, उन्हात, भिंतीला खेटून बसवलं की त्याला आपलीच गरम हवा पुन्हा ओढावी लागते. आतली नळी दहा अंशांवर आणि बाहेरची पन्नासऐवजी साठ अंशांवर गेली तर आदर्श यंत्राचीसुद्धा कार्यक्षमता वीस टक्के घटते. आपलं यंत्र तर आदर्श नाहीच. वर सावली, मागे वीतभर आणि पुढे मोकळी जागा, आणि सरकी-तुरीच्या हंगामातली धूळ उन्हाळ्याआधी पाण्याने धुऊन काढलेली, एवढं पुरे.

एक फुकटचा उपायही आहे. एप्रिलच्या पहाटे चारला बाहेर २५ अंश असतं आणि बंद घरात तिशीच्या वर. जाळीच्या खिडक्या रात्री उघड्या ठेवल्या, एक्झॉस्ट लावला आणि सकाळी आठला सगळं बंद केलं, तर घर दुपारपर्यंत तग धरतं. डासांचं आणि चोरांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. जाळी आणि गजांचा खर्च त्यासाठीच.

राहिला गॅस. 'साहेब, दरवर्षी गॅस भरावा लागतो' हे वाक्य इतकं ऐकलंय की लोकांना तो स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपतो असंच वाटतं. एसीतला गॅस बंद नळ्यांत फिरत राहतो, तो जळत नाही की झिजत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा नटाच्या सांध्यावर किंवा कॉइलला पडलेल्या बारीक छिद्रातून. हल्लीच्या यंत्रांत बहुतेक आर-३२ असतो. तो सौम्य ज्वालाग्राही आहे आणि हवेत सुटला तर वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट उष्णता धरून ठेवतो. तेव्हा मेकॅनिक सिलिंडर घेऊन आला की आधी सांध्यांवर साबणाचा फेस लावायला सांगा आणि बुडबुडा कुठे येतो ते स्वतः बघा. गळती न बुजवता भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत तुमच्या घरात राहणार नाही.