तुणतुणं कुठल्या कपाटात ठेवायचं?

ब्रसेल्समध्ये माझ्याकडे एकच दुपार मोकळी होती. बरोबरची मंडळी चॉकलेटच्या दुकानांकडे वळली आणि मी राजवाड्याच्या दिशेनं चढ चढू लागले. त्या चढावर काळ्या लोखंडी नक्षीची आणि काचेची एक उंच इमारत आहे. १८९९ साली ती ‘ओल्ड इंग्लंड’ या मोठ्या दुकानासाठी बांधली गेली. २००० सालापासून तिथं वाद्यसंग्रहालय आहे. आठ हजारांहून अधिक वाद्यं त्यांच्याकडे आहेत. सगळी अर्थातच मांडलेली नाहीत, पण जी आहेत ती बघायलाही एक दुपार पुरत नाही.

आत शिरताना हेडफोन मिळाले. एखाद्या वाद्यासमोर जाऊन उभं राहिलं की त्याचा आवाज आपोआप कानात सुरू होई. दोन पावलं सरकलं की पुढच्याचा. त्यामुळे दालन माणसांनी भरलेलं होतं आणि तरीही शांत. एक लहान मुलगी डोळे मिटून डोलत होती. ती पुढे गेल्यावर मी मुद्दाम तिच्या जागी उभी राहिले. कानात बॅगपाइप सुरू झाला, आणि त्या पिशवीतून सलग निघणारा आधारस्वर ऐकताना मला आमच्याकडच्या सनईमागचा सूर आठवला.

या संग्रहालयाच्या जन्माशी आपल्या देशाचा फार जवळचा संबंध आहे. कोलकात्याचे संगीतज्ञ सौरींद्रमोहन ठाकुर यांनी १८७६ साली बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला सुमारे शंभर भारतीय वाद्यं भेट दिली. पुढच्याच वर्षी ब्रसेल्सच्या राजेशाही संगीतविद्यालयाला जोडून हे संग्रहालय सुरू झालं, आणि ठाकुरांची भेट हा त्याच्या पायातला एक मोठा दगड होता. पहिले संग्रहपाल होते व्हिक्तोर-शार्ल माइयों. फुंकवाद्यं बनवणाऱ्या घराण्यातले, आणि नादशास्त्राचा पक्का अभ्यास असलेले. संग्रह वाढत वाढत पुढे तीन हजारांपलीकडे गेला, पण त्यांना सुरुवातीलाच एक अडचण आली: ही सगळी वाद्यं सूचीत लावायची कशी?

युरोपात तेव्हा तीन कप्पे पुरत होते. तारांची, फुंकायची आणि बडवायची. ऑर्केस्ट्रासाठी ते ठीक होतं. जगभरची वाद्यं समोर आली की मात्र कप्पे फाटू लागतात. पियानोत तारा आहेत, पण त्यांच्यावर हातोड्या आपटतात. ढोल आणि घंटा दोन्ही बडवायची, पण ढोलात ताणलेलं कातडं थरथरतं आणि घंटेत घंटाच. चिनी परंपरेनं वाद्यं आठ पदार्थांवरून लावली: धातू, दगड, रेशीम, बांबू, भोपळा, माती, कातडं, लाकूड. रेशीम म्हणजे तारा, कारण त्या रेशमाच्या असत. सुंदर कल्पना आहे, पण पदार्थ फसवतो. बेल्जियमच्याच दिनाँ गावात जन्मलेल्या अडॉल्फ साक्सचा सॅक्सोफोन पितळेचा असतो, तरी आवाज सुरू होतो तो तोंडाशी थरथरणाऱ्या वेताच्या पट्टीमुळे. म्हणून तो तुतारीच्या घरातला नाही, सनईच्या गोतातला आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात याचं उत्तर एका ओळीत आहे: ‘ततं चैवावनद्धं च घनं सुषिरमेव च’. तत म्हणजे ताणलेल्या तारेची, अवनद्ध म्हणजे कातड्यानं मढवलेली, घन म्हणजे अंगानं भरीव असलेली आणि सुषिर म्हणजे पोकळीत हवा खेळवणारी. एकतारी, पखवाज, टाळ, बासरी. माइयोंनी १८८० साली सूची छापायला घेतली तेव्हा वाद्यांचे असेच चार वर्ग केले. ठाकुरांच्या संग्रहाबरोबर आणि लेखनाबरोबर ही विभागणी ब्रसेल्सला पोचली, असं अभ्यासक मानतात. १९१४ साली एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोघा संगीत-अभ्यासकांनी तीच व्यवस्था पुढे नेऊन प्रत्येक वाद्याला आकड्यांची ओळख दिली. ईडिओफोन, मेम्ब्रेनोफोन, कॉर्डोफोन, एरोफोन ही नावं आज जगभरच्या संग्रहालयांत चालतात. घन, अवनद्ध, तत, सुषिर हे त्यांचे जुने शेजारी.

मला यात मोलाचा वाटतो तो या चार शब्दांमागचा प्रश्न. वाद्य कशाचं बनलंय किंवा ते हातात कसं धरतात, याला इथं महत्त्व नाही. आधी काय थरथरतं, एवढंच विचारायचं. हा सरळ भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे.

तोच प्रश्न मनात घोळवत मी एका कपाटासमोर उभी होते आणि मला तुणतुणं आठवलं.

लहानपणी घरातल्या लग्नानंतरच्या गोंधळाला मी गोंधळ्यांच्या अगदी पायाशी बसायचे. संबळ अंगावर यायचा, म्हणून मी तुणतुण्याच्या बाजूला सरकायचे. एक लाकडी नळकांडं, त्याचा तळ कातड्यानं मढवलेला, वरचं तोंड उघडं. बाजूला एक काठी ठोकलेली, तिच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मधोमध ओवलेली तार नळकांड्याच्या पोकळीतून वर येऊन त्या खुंटीला ताणलेली. बोटातल्या लाकडी तुकड्यानं ती छेडायची. त्याच्या नावातच त्याचा आवाज आहे.

इथं काय थरथरतं? तार, असं कुणीही म्हणेल. पण उघडी तार जवळजवळ मुकी असते. ती इतकी बारीक असते की हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते, ढकलली जात नाही. सतारीत तार तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीला, समांतर असते आणि ती जिच्यावर टेकते त्या घोडीमार्फत तबलीला हलवते. तुणतुण्यात ती कातड्यावर जवळपास काटकोनात उभी असते. छेडल्यावर ती उजवी-डावीकडे झुलते, आणि त्या झुलण्यानं कातडं वर-खाली कसं होणार?

ते होतं तारेच्या ताणामुळे. तार सरळ असते तेव्हा तिची लांबी सर्वांत कमी असते. उजवीकडे गेली की ती केसभर लांबते, ताण वाढतो, कातडं वर ओढलं जातं. मध्ये परतली की सुटतं. डावीकडे गेली की पुन्हा ओढलं जातं. म्हणजे तारेच्या एका झोक्यात कातडं दोनदा ओढलं जातं. तार सेकंदाला दोनशे वेळा झुलत असेल, तर कातड्याला चारशे हिसके बसतात, आणि चारशे म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. प्रत्यक्षात तार काठीकडे थोडी कललेली असते, त्यामुळे मूळचे दोनशेही त्यात मिसळतात. तुणतुण्याचा तो टोकदार, संबळाच्या गर्दीतूनही वर येणारा आवाज मला आता या हिसक्यांसकट ऐकू येतो.

हॉर्नबोस्टेल आणि झाक्सनी कातड्याला बांधलेली तार छेडण्याच्या अशा वाद्यांना कातडी वाद्यांतच बसवलं, ‘छेडायचे ढोल’ म्हणून. या उपवर्गातली वाद्यं मुख्यतः आपल्याकडचीच. पुढच्या अभ्यासकांनी हरकत घेतली: स्वर ठरवते ती तार, कातडं फक्त तिचा आवाज मोठा करतं, तेव्हा ही तंतुवाद्यंच. मला हे दुसरं म्हणणं पटतं. खुंटी पिळली की स्वर बदलतो, आणि खुंटी तारेचीच असते.

ढोलांच्या कपाटांपाशी मी कमी थांबले, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. साध्या ताणलेल्या गोल कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे आडनिडे पडतात. ते एकमेकांत जुळत नाहीत, म्हणून बहुतेक ढोलांना नेमका स्वर नसतो. तबल्याच्या मधोमध लोखंडाचा कीस आणि खळ यांची शाई थर देऊन घोटली की तेच उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुरेल पायऱ्यांवर येऊन बसतात. १९२० साली चंद्रशेखर व्यंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’मध्ये हे मांडलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावणारा वारकरी आपल्या हातानं हेच, भार वाढवून कातड्याला वळण लावण्याचं, काम करत असतो.

रामन त्या वर्षांत कोलकात्यातच होते, ठाकुरांच्या गावी. १९२१ साली त्यांनी तानपुरा आणि वीणेबद्दल लिहिलं, आणि मला विचाराल तर भारतीय वाद्यांवरचं हे सर्वांत देखणं निरीक्षण आहे. तार ज्या जागी छेडाल, त्या जागी ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू (जिथं तार त्या स्वरासाठी हलतच नाही) येतो, ते उपस्वर ऐकूच येऊ नयेत असा नियम आहे. मध्यावर छेडलं तर वरचा षड्ज गायब व्हायला हवा. साध्या तारेत तसंच होतं. तानपुऱ्यात मात्र तो खणखणीत ऐकू येतो.

कारण तानपुऱ्याच्या घोडीचा माथा धारदार नसतो. तो पसरट असतो आणि किंचित उताराचा. तार हलताना त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्या प्रत्येक स्पर्शात मूळ स्वराची थोडी ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे जाते. तारेखाली सरकवलेला सुती दोरा हा स्पर्श नेमका कुठं व्हावा ते ठरवतो. यालाच जवारी म्हणायचं. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार म्हणजे त्या तारेच्या मूळ स्वराच्या पाचपट असलेला उपस्वर, आणि जवारी जुळली की तो असा उजळतो की कुणीतरी वेगळं गातंय असं वाटावं. मिरजेचे कारागीर घोडीचा हा उतार कानसेनं घासून, तार छेडून, ऐकून, पुन्हा घासून जमवतात. त्यांच्यातलं मूळ घराणं शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

काचेमागे हे काहीच उरत नाही. लाकूड वाकू नये म्हणून संग्रहालयांत तारा सहसा सैल ठेवतात. भोपळा दिसतो, दांडी दिसते, खुंट्या मोजता येतात. ताण नसतो, म्हणून जवारीही नसते. यात त्यांची चूक नाही. वाद्य दीडशे वर्षं टिकवायचं तर त्याला थोडं गप्प करावंच लागतं, आणि ठाकुरांची भेट अशा जपणुकीमुळेच आजवर राहिली आहे. तरी हेडफोन परत करताना मला चुटपुट लागली होती.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी आईचा मिरजेचा तानपुरा गवसणीतून काढला. शिवणाची टेप घेऊन वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत जोडीची, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांपैकी एक, तार मोजली, मध्यावर पेन्सिलीची खूण केली. आधी दोरा काढला. खुणेवर छेडलं आणि लगेच त्याच जागी बोटाचं टोक हलकेच टेकवलं. नाद जवळजवळ विझला. मग आईनं दोरा ओवला, घोडीवर कणभर पुढे-मागे करत जागा शोधली आणि मान हलवली. पुन्हा तीच खूण, तसंच छेडणं, तसंच बोट. या वेळी बोटाखालची तार गप्प झाली नाही. वरचा षड्ज स्वच्छ वाजत राहिला, आणि आई म्हणाली, “बोट काढू नकोस, ऐकू दे.”