आकडा सुधारला, पण रुग्णाचं काय?

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाच्या छातीला तारा लावून दिवसभराचा आलेख काढला, तर त्यात अधूनमधून चुकार ठोके दिसतात. ठेक्यात चाललेल्या तबल्यावर एखादी थाप भलतीकडेच पडावी, तसे. ज्यांच्या आलेखात असे ठोके जास्त, ते पुढे अचानक दगावण्याची शक्यताही जास्त, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. हे ठोके दाबणारी औषधंही बाजारात होती आणि ती चोख काम करत होती. गोळी घेतली की आलेख साफ. मग ती झटका येऊन गेलेल्यांना द्यावी, यात शंका घेण्यासारखं काय होतं?

काही संशोधकांनी तरीही ती शंका घेतली. अमेरिकेत ‘कास्ट’ नावाची चाचणी सुरू झाली. तिच्यात घेतले ते फक्त असेच रुग्ण, ज्यांचे चुकार ठोके या औषधांनी दबतात हे आधीच तपासून झालं होतं. मग चिठ्ठी टाकावी तसं कोणताही निकष न लावता त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला तशीच पण लुटुपुटूची. १९८९ मध्ये चाचणीतली दोन औषधं घाईने थांबवावी लागली. सरासरी दहा महिन्यांत खऱ्या गोळीच्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते आणि लुटुपुटूच्या गोळीच्या ७४३ जणांपैकी २६. आलेख सुंदर दिसत होता आणि माणसं दुपटीहून जास्त मरत होती.

यातली खरी भीतीदायक गोष्ट वेगळीच आहे. ही चाचणी झाली नसती, तर कुणाला काही कळलंच नसतं. झटका येऊन गेलेला माणूस वर्षभरात गेला, तर घरचे म्हणणार हृदयच कमजोर होतं आणि डॉक्टरही तेच म्हणणार. एकेका रुग्णाकडे पाहून औषधाचा गुन्हा पकडता येत नाही. त्यासाठी शेजारी तसाच दुसरा गट लागतो, ज्याला ते औषध मिळालेलं नाही.

गेल्या पंचवीसेक वर्षांत रुग्णालयाच्या जवळपास प्रत्येक विभागात असं काहीतरी घडलं आहे. आकडा बिघडलेला दिसतो, तो जागेवर आणायची युक्ती हाताशी असते आणि ती वापरली की रुग्ण बरा होणार, हे तर्काला पटतं. मग कुणीतरी चिठ्ठ्या टाकतो.

अतिदक्षता विभागातली साखर घ्या. गंभीर आजारात मधुमेह नसलेल्यांचीही रक्तातली साखर चढते. बेल्जियममधल्या लूवेनच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात आलेल्यांची साखर इन्सुलिन देऊन निरोगी माणसाइतकी ठेवली, तर मृत्यूचं प्रमाण ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर येतं. या निकालाने जग भारावून गेलं आणि ठिकठिकाणी दर तासाला बोटं टोचली जाऊ लागली. पुढे ‘नाइस शुगर’ या मोठ्या चाचणीत ६,१०४ रुग्णांवर तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. २००९ मध्ये उत्तर आलं, तेही उलटं. साखर काटेकोर ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले आणि १८० पर्यंत चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के. साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग पहिल्या गटात ६.८ टक्के लोकांच्या वाट्याला आले, दुसऱ्यात जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे चढलेली साखर ही निदान काही अंशी आजाराची सावली होती. सावलीला काठी मारून आजाराला लागत नाही.

प्राणवायूचंही तसंच. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याच्या नाकाला नळी लावायची, ही पद्धत इतकी जुनी की ती मोठ्या प्रमाणावर तपासायचं फारसं कुणाला सुचलं नव्हतं. स्वीडनमध्ये ६,६२९ जणांवर तपासली. हे सगळे असे की ज्यांच्या रक्तातलं प्राणवायूचं प्रमाण मुळात ९० टक्के किंवा त्याहून जास्त होतं. वर्षभरात नळी लावलेले ५ टक्के दगावले, न लावलेले ५.१ टक्के. हा निकाल २०१७ चा. गरज नसताना दिलेला प्राणवायू निरुपद्रवी असतो असंही नाही. त्याचं प्रमाण फार वाढलं की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आकसतात. पण हे वाचून कुणी खरोखर धाप लागलेल्या माणसाची नळी काढू नये. चाचणी त्याच्यावर झालेलीच नव्हती.

रक्त चढवण्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि मला वाटतं, जास्त शिकवणारीही. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की रक्ताची बाटली लावायची, हा आकडा १९४० च्या दशकापासून चालत आलेला. १९९९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवर सातपर्यंत थांबून पाहिलं. थांबल्याने काही बिघडलं नाही. उलट त्यातल्या त्यात कमी आजारी असलेल्यांत थांबलेल्या गटाचे मृत्यू निम्म्याच्या आसपास होते. पुढे २०१३ मध्ये पोटात रक्तस्राव झालेल्या रुग्णांतही हात आखडता घेतलेल्या गटातले ९५ टक्के लोक सहा आठवडे जगले, सढळ हाताने रक्त दिलेल्यांपैकी ९१ टक्के. आता ‘कमी तेच बरं’ असं म्हणून मोकळं व्हावं, तर २०२३ मध्ये ‘मिंट’ चाचणी आली. यात हृदयविकाराचा झटका आलेले आणि रक्त कमी असलेले ३,५०४ रुग्ण होते. महिनाभरात मृत्यू किंवा पुन्हा झटका हे प्रमाण हात आखडलेल्या गटात १६.९ टक्के आणि दहाच्या वर ठेवलेल्या गटात १४.५ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यासाठी उतरला नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका लहानही नाही. ज्या हृदयाच्या स्नायूलाच प्राणवायू कमी पडतो आहे, त्याला थोडं जास्त रक्त लागत असावं. सात आणि दहा या दोन आकड्यांत कोणता खरा, हा प्रश्नच अपुरा होता. कुणासाठी, हे त्यात राहून गेलं होतं.

काही आकडे तर शरीरातून आलेलेच नसतात. अँटिबायोटिक पाच दिवस, सात दिवस, चौदा दिवस. हे कुठून आले? जिवाणूंना वार कळत नाहीत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली रविवार सुटीचा केला, तेव्हापासूनचा सात दिवसांचा आठवडा आपण औषधाच्या चिठ्ठीवर लिहितो, अशी थट्टा संसर्गरोगांचे डॉक्टर स्वतःच करतात. रक्तात जिवाणू शिरलेल्या ३,६०८ रुग्णांवर सात देशांतल्या ७४ रुग्णालयांत झालेल्या ‘बॅलन्स’ चाचणीचा निकाल २०२४ च्या अखेरीस आला. सात दिवस औषध घेतलेल्यांपैकी ९० दिवसांत १४.५ टक्के दगावले, चौदा दिवसवाल्यांपैकी १६.१ टक्के. म्हणजे सात दिवसांचं औषध कमी पडत नाही. मात्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा चिवट जिवाणू असलेले आणि हृदयाच्या झडपेला संसर्ग झालेले रुग्ण यातून मुद्दाम वगळले होते. तिथे लांबचाच पल्ला आहे.

एखादी गोष्ट एके काळी चाचणीत खरी ठरूनही पुढे शंकास्पद होते. बीटा ब्लॉकर या गोळ्या हृदयाची गती मंदावतात. १९८२ मध्ये ३,८३७ रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर त्या घेतलेल्यांचे मृत्यू ७.२ टक्के होते आणि न घेतलेल्यांचे ९.८ टक्के. तेव्हापासून झटका आला की ही गोळी ठरलेलीच. पण १९८२ मध्ये तुंबलेली वाहिनी तासा-दोन तासांत उघडण्याची सोय नव्हती, वाहिनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीदार नळ्या म्हणजे स्टेंट नव्हते, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या नव्हत्या. झटक्यातून बाहेर येणारं हृदय बऱ्याचदा मोठा व्रण घेऊन येई. आज अनेकांच्या हृदयाची ताकद जवळपास शाबूत राहते. त्यांनाही ती गोळी लागते का?

ऑगस्ट २०२५ मध्ये माद्रिदला भरलेल्या युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत या प्रश्नावर दोन मोठ्या चाचण्या मांडल्या गेल्या. स्पेन आणि इटलीतल्या सुमारे साडेआठ हजार रुग्णांच्या ‘रीबूट’ने सांगितलं, फायदा नाही. नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या ५,५७४ रुग्णांच्या चाचणीने सांगितलं, आहे. गोळी घेतलेल्यांत १४.२ टक्के लोकांना काही ना काही गंभीर घडलं, न घेतलेल्यांत १६.३ टक्के. वर्तमानपत्रात अशी बातमी वाचली की आपण म्हणतो, ‘या डॉक्टरांचं एक काही ठरत नाही.’ पण जरा आत शिरून पाहावं. दोघांनी ‘गंभीर’मध्ये मोजलेल्या गोष्टी वेगळ्या होत्या. उत्तरेकडच्या चाचणीने बरीच लांब यादी घेतली होती आणि तिथेही फरक पडला तो मुख्यतः पुन्हा झटका येण्यात. मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. नंतर अनेक चाचण्यांतले रुग्ण एकत्र करून पाहिले, तेव्हा चित्र बरंच निवळलं. हृदयाची ताकद पूर्ण शाबूत असलेल्यांना गोळीचा फायदा दिसत नाही, थोडी घटलेली असेल तर दिसतो. आणि जो ही गोळी आधीपासून वर्षानुवर्षं घेतो आहे, त्याचा प्रश्न आणखी निराळा. फ्रान्समध्ये अशा ३,६९८ जणांपैकी निम्म्यांची गोळी बंद करून पाहिली, तेव्हा बंद करणं चालू ठेवण्याइतकंच सुरक्षित आहे हे सिद्ध होऊ शकलं नाही. सुरू न करणं आणि सुरू असलेली थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा परस्पर गोळी सोडू नका.

चिठ्ठ्या टाकण्याला लोक बिचकतात, हेही खरं. शस्त्रक्रियांच्या बाबतीत तर फारच. ब्रिटनमध्ये ‘ऑर्बिटा’ चाचणीत श्रम झाल्यावर छातीत दुखणाऱ्या २०० रुग्णांना टेबलावर घेऊन गुंगी दिली, कानांना संगीताचे हेडफोन लावले आणि निम्म्यांना स्टेंट घातलाच नाही. सहा आठवड्यांनी चालण्याच्या पट्ट्यावर दोन गटांतला फरक होता १६.६ सेकंदांचा, म्हणजे नसल्यासारखाच. २०१७ मध्ये यावर प्रचंड गदारोळ झाला. टीकाकारांचं म्हणणं होतं की या रुग्णांना आधीच भरपूर औषधं दिली होती, स्टेंटला करण्यासारखं उरलं काय? त्याच चमूने मग औषधं बंद करून ३०१ रुग्णांवर दुसरी चाचणी केली. २०२३ मध्ये निकाल आला. या वेळी स्टेंटने दुखणं स्पष्टपणे कमी झालं होतं. टीका ऐकून स्वतःचाच प्रयोग पुन्हा मांडणारे लोक मला आवडतात.

घाईच्या काळातही हे जमतं, याचा दाखला कोविडमध्ये मिळाला. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये ‘रिकव्हरी’ चाचणी उभी राहिली. दमलेल्या डॉक्टरांना भरता येतील इतके सुटसुटीत अर्ज आणि दीडशेहून जास्त रुग्णालयं. जूनमध्येच कळलं की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर येतात. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातल्या ज्या प्लाझ्मासाठी लोक समाजमाध्यमांवर याचना करत होते, त्याने याच चाचणीत काहीच साधलं नाही. दोन्ही गटांत २४ टक्के.

आता रक्तस्रावाकडे. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे औषध जपानमध्ये १९६२ मध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने शोधलं. रक्ताची गाठ धरली की शरीर ती विरघळवायला लागतं. हे औषध ते विरघळणं रोखतं. अपघातातल्या २०,२११ जखमींवर चाळीस देशांत ते तपासलं, तेव्हा मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. पण तीन तासांनंतर दिलं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढले. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावातही ते कामी आलं. मग पोटातल्या रक्तस्रावात यावंच, नाही का? १२,००९ रुग्णांनंतर २०२० मध्ये उत्तर आलं. नाही. उलट शिरांत गाठी होण्याचं प्रमाण दुप्पट झालं.

प्रसूतीच्या रक्तस्रावात औषधांची कमतरता ही मुख्य अडचण नव्हतीच. अडचण होती ती किती रक्त गेलं, हे वेळेवर न कळण्याची. रक्त कपड्यांत मुरतं, चादरीवर पसरतं आणि नजरेचा अंदाज बहुतेक वेळा कमीच भरतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत २,१०,१३२ प्रसूतींवर झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीत बाळंतिणीच्या अंगाखाली प्लास्टिकचं पसरट आवरण घातलं. खाली निमुळती पिशवी, तिच्यावर मोजमापाच्या रेघा. रक्त ५०० मिलीलिटरच्या रेघेला टेकलं की पाच गोष्टी एकदमच सुरू करायच्या. गर्भाशय चोळणं, ते आकसवणारी औषधं, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि स्राव कुठून होतो आहे याची तपासणी. एक करून पाहू, नाही जमलं तर दुसरं, असं नाही. नेहमीच्या पद्धतीत निम्मेच अतिरक्तस्राव लक्षात येत होते, इथे ९३ टक्के लक्षात आले. लिटरभर रक्त जाणं, पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू यांपैकी काही घडण्याचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं.

तुलनेच्या गटातल्या बायकांच्या अंगाखालीही प्लास्टिकचं तसंच आवरण होतं. फक्त त्यावर रेघा नव्हत्या.