वसंतातला ओला बर्फ : हिमस्खलनाच्या अंदाजाची पार्श्वभूमी

स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन बुलेटिनमध्ये मार्च-एप्रिलात बरेचदा एकाऐवजी दोन नकाशे असतात. एक कोरड्या बर्फाचा, दुसरा दिवस चढेल तसा वाढणाऱ्या ओल्या बर्फाच्या धोक्याचा. ही विभागणी आज साधी वाटते, पण तिथवर यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. आणि खरं सांगायचं तर ओल्या बर्फाची बाजू अजूनही लंगडीच आहे.

आल्प्समधल्या गावकऱ्यांना फरक आधीपासून ठाऊक होता: थंडीत धुरळा उडवत येतो तो एक, उन्हं तापल्यावर माती-दगड खरवडत येतो तो दुसरा. या माहितीला शिस्त लावली योहान कोआझ यांनी. 1850 मध्ये पित्स बेर्निना शिखरावर पहिल्यांदा चढलेला हा माणूस पुढे देशाचा मुख्य वनाधिकारी झाला. 1881 मध्ये त्यांनी स्विस आल्प्समधल्या हिमस्खलनांवर पुस्तक लिहिलं. वनखात्याला यात रस असण्याचं कारण उघड होतं: वरचं जंगल टिकलं तर खालचं गाव वाचतं.

अमेरिकेत या विषयाची ओळख फार वाईट झाली. 1 मार्च 1910 च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या वेलिंग्टन इथे बर्फात अनेक दिवस अडकून पडलेल्या दोन आगगाड्या हिमस्खलनाने दरीत ढकलल्या. 96 माणसं गेली. आधी बर्फाचा मारा, मग अचानक पाऊस आणि विजा. रेल्वेने यावर उपाय केला तो आडोशाचा: रुळांवर छपरं, आणि 1929 मध्ये नवा लांब बोगदा. अंदाज बांधण्याचं शास्त्र तेव्हा हाताशी नव्हतंच.

ते स्वित्झर्लंडमधल्या दावोस गावी आकाराला आलं. 1936 मध्ये गावावरच्या डोंगरात, वाइसफ्लूयोख इथे संशोधन सुरू झालं, 1942 मध्ये संस्था उभी राहिली. पण भर राहिला कोरड्या बर्फावर. स्कीवाल्यांचे बळी तोच जास्त घेतो, आणि त्याचा कच्चा थर खड्डा खणून तपासता येतो. ओला बर्फ तासातासाला बदलतो. सकाळचा खड्डा दुपारी कामाचा राहत नाही.

इथे सगळा खेळ पाण्याचा. बर्फाचा अख्खा थर शून्य अंशावर आला की वितळलेलं पाणी पुन्हा न गोठता खाली झिरपतं. कौलातून गळणारं पाणी जसं वाशावरून सरकत भलतीकडेच ठिबकतं, तसं हे पाणी एखाद्या कडक पापुद्र्यावर किंवा भरड कणांच्या थरावर अडतं, आडवं पसरतं आणि तिथली पकड सोडवतं. म्हणून वसंतातली पहिली भिजवण सगळ्यात घातकी. नंतर पाण्याच्या वाटा तयार होतात, कण मोठे होतात, थर दबून बसतो.

रात्रीचं आकाश म्हणूनच महत्त्वाचं. निरभ्र रात्री बर्फ उष्णता बाहेर टाकतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी वरचा थर गोठतो. ढग असले तर नाही. पहाटेच बूट घोट्यापर्यंत रुतू लागला, तर त्या दिवशी उतारावर जाण्यात अर्थ नाही.

मोजमापाचं साधन मात्र अजूनही मूठ. दाबल्यावर गोळा होतो तो दमट बर्फ, पाणी 3 टक्क्यांपेक्षा कमी. दाबून पाणी गळलं तर 8 टक्क्यांच्या वर. मधला तो ओला. याच 3 टक्क्यांचा आधार घेऊन दावोसच्या संशोधकांनी 2013 मध्ये एक निर्देशांक मांडला: हवामान केंद्रांच्या नोंदींवरून संगणक थरातलं सरासरी पाणी काढतो आणि भिजवण कधी गाठेल ते सुचवतो. जमिनीवरून अख्खा थर घसरतो त्या प्रकारापुढे मात्र तोही हात टेकतो. वर भेग दिसते, पण थर तासाभरात सुटेल की महिनाभर तसाच राहील, सांगता येत नाही.

आपल्याकडे 1969 मध्ये मनालीत हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था सुरू झाली. 2020 पासून ते काम चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेकडे आहे. मार्च 1979 मध्ये हिमाचलमधल्या लाहौलमध्ये हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक बळी घेतले. 2020 मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्याने रोहतांगचा घाट टाळला, पण बोगद्यापर्यंत नेणाऱ्या रस्त्यावरचे उतार आहेत तिथेच आहेत. आणि मुंबई-पुण्याचे ट्रेकर नेमके एप्रिल-मेच्या सुट्टीत, बर्फ वितळत असतानाच, तिकडे पोहोचतात.